भंडाऱ्याच्या खासदाराचा फोन आणि १८८५ चं एक कलम

जुलै २०२१. विधानसभेचं पावसाळी अधिवेशन सुरू होतं. साकोलीचे आमदार नाना पटोले यांनी सभागृहात सांगितलं की आपण भंडारा-गोंदियाचे खासदार असताना, म्हणजे २०१६-१७ मध्ये, आपला फोन चोरून ऐकला जात होता. पण कागदावर त्या नंबरचा मालक नाना पटोले नव्हताच. तिथे नाव होतं ‘अमजद खान’ आणि कारण दाखवलं होतं अमली पदार्थांचा धंदा.

अमजद खान म्हटलं की आपल्याला गब्बरच आठवतो, त्यामुळे विनोदाला भरपूर जागा. पण थोडं थांबून विचार करा. २०१४ ला प्रफुल्ल पटेलांना हरवून निवडून आलेला, तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाचाच खासदार. लाखो लोकांनी मतं देऊन पाठवलेला माणूस. आणि त्याचा नंबर (आरोप खरा धरला तर) सरकारी फायलीत एका ड्रग्जवाल्याच्या नावाने चढवला गेला. बच्चू कडू, आशिष देशमुख, संजय काकडे ही नावंही त्याच प्रकरणात पुढे आली. म्हणजे विदर्भाचा वाटा त्यात बराच.

पुढे काय झालं ते थोडक्यात. तेव्हाचे गृहमंत्री दिलीप वळसे-पाटील यांनी चौकशी जाहीर केली. पोलीस महासंचालक संजय पांडे यांच्या समितीच्या अहवालानंतर फेब्रुवारी २०२२ मध्ये पुण्याच्या बंडगार्डन पोलीस ठाण्यात त्या काळच्या पुणे पोलीस आयुक्त रश्मी शुक्ला यांच्यावर गुन्हा नोंदवला गेला. दुसरा गुन्हा मुंबईत कुलाब्याला, संजय राऊत आणि एकनाथ खडसे यांच्या फोनबद्दल. मग राज्यात सरकार बदललं. पुण्याच्या गुन्ह्यात पोलिसांनीच तपास बंद करण्याचा अहवाल दिला, मुंबईच्या गुन्ह्यात खटल्याला सरकारने मंजुरी दिली नाही, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही गुन्हे रद्द केले. म्हणजे कुणीही दोषी ठरलेलं नाही, हे स्पष्ट लिहून ठेवतो. कोण खरं, कोण खोटं हे ठरवायला ही पोस्ट नाही.

मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. असा आरोप करता येण्याजोगी व्यवस्था आपल्याकडे आहे तरी कशी? फाईलवर नाव एकाचं, फोन दुसऱ्याचा, आणि मंजुरी देणाऱ्याला ते कळण्याचा मार्गच नाही, असं होऊ शकतं हे सगळ्यांनी इतक्या सहज कसं मान्य केलं? याचं उत्तर शोधायला गेलं की आपण सरळ १८८५ सालात जाऊन पोचतो. एका कलमाची ही कारकीर्द आहे. एखाद्या मोठ्या अधिकाऱ्याची असावी तशी लांबलचक, बदल्या होत गेल्या पण खुर्ची कधी गेली नाही, अशी.

१८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा झालं आणि भंडारा कंपनीकडे गेला. त्याच सुमाराला कलकत्ता, आग्रा, मुंबई जोडणारी तार उभी राहत होती. पाठोपाठ १८५७ आलं. तारेच्या एका निरोपावर फौजा कशा हलवता येतात हे इंग्रजांनी तेव्हा पाहिलं, आणि बंडवाले जागोजागी आधी तारा का तोडतात हेही पाहिलं. तो धडा ते कधी विसरले नाहीत. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी रेल्वे आपल्या जिल्ह्यातून गेली, रुळांच्या कडेने तारेचे खांब आले. आणि १ ऑक्टोबर १८८५ ला नवा टेलिग्राफ कायदा लागू झाला. काँग्रेसची स्थापना त्याच वर्षीच्या डिसेंबरची. म्हणजे हा कायदा काँग्रेसपेक्षाही तीन महिन्यांनी मोठा.

या कायद्याची दोन कलमं लक्षात ठेवा. कलम ४ म्हणतं, तार टाकायचा हक्क फक्त सरकारचा, सरकार हवं तर दुसऱ्याला परवाना देईल. (परवापरवापर्यंत जिओ आणि एअरटेलचे परवाने याच १८८५ च्या कलमाखाली होते. आपण फाइव्ह-जी वापरत होतो, आणि खाली पाया बैलगाडीच्या काळातला.) आणि कलम ५ म्हणतं, सार्वजनिक आणीबाणी असेल किंवा लोकांच्या सुरक्षिततेसाठी गरज असेल तर सरकार कुठलाही निरोप अडवू शकतं, वाचू शकतं.

आता आणीबाणी आहे की नाही हे कोण ठरवणार? तेही सरकारच. मूळ कायद्यात लिहिलं होतं की याबद्दल शंका आली तर सरकारच्या सचिवाच्या सहीचं प्रमाणपत्र हा निर्णायक पुरावा. म्हणजे सचिवाने लिहून दिलं की पाऊस पडतोय, तर पाऊस पडतोय. खिडकी उघडून बघायची नाही.

इंग्रजांनी असा कायदा केला यात नवल काही नाही. परक्या मुलखावर राज्य करायचं तर निरोप वाचावेच लागतात. नवल आहे ते आपण पुढे काय केलं त्याचं.

१९४७ मध्ये संविधान सभेच्या मूलभूत हक्क उपसमितीत पत्रव्यवहाराच्या गुप्ततेचा हक्क चर्चेत होता. कन्हैयालाल मुन्शींच्या मसुद्यात तो होता. बाबासाहेबांच्या मसुद्यात घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांची मनमानी झडती घेऊ नये असं कलम होतं. बी. एन. राव आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांना हे पटलं नाही. पोलिसांचा तपास अडेल, कोर्टाच्या कामात अडचणी येतील, असं त्यांचं म्हणणं पडलं आणि ती कलमं गळली. एप्रिल १९४७ अखेर कम्युनिस्ट सदस्य सोमनाथ लाहिरी यांनी पत्रव्यवहाराची गोपनीयता पुन्हा मांडून पाहिली. तीही टिकली नाही.

मग आली ३ डिसेंबर १९४८ ची बैठक. भंडारा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होतं. त्याच प्रांताचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी दुरुस्ती मांडली: लोकांची शरीरं, घरं, कागदपत्रं आणि वस्तू यांची अकारण झडती-जप्ती होणार नाही, सबळ कारणाशिवाय वॉरंट निघणार नाही. अमेरिकेच्या संविधानातल्या चौथ्या दुरुस्तीसारखीच भाषा. आणि बाबासाहेब, जे मसुदा समितीच्या वतीने बहुतेक दुरुस्त्यांना नकारच देत असत, ते म्हणाले की ही मी स्वीकारायला तयार आहे, उपयोगी तरतूद आहे, फौजदारी संहितेत हे आहेच, संविधानात आलं तर पुढचं कुठलंही कायदेमंडळ त्याला हात लावू शकणार नाही. तरीही गडबड झाली, मतदान पुढे ढकललं गेलं आणि शेवटी दुरुस्ती फेटाळली गेली. मसुदा समितीचा अध्यक्ष ‘हो’ म्हणतोय आणि सभागृह ‘नाही’ म्हणतंय, असं फार क्वचित घडलं.

हे एवढं सविस्तर का सांगतोय? कारण त्या एका नकाराची किंमत पुढे जवळजवळ सत्तर वर्षं वसूल होत राहिली. मार्च १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनी एम. पी. शर्मा खटल्यात निकाल दिला. प्रकरण दालमिया उद्योगसमूहावरच्या झडत्यांचं होतं. कोर्ट म्हणालं, अमेरिकेसारखी तरतूद आपल्या संविधानकर्त्यांनी घेतलेली नाही, मग ती आम्ही ओढूनताणून का आणावी? तर्क बिनचूक. पण ती घ्यायला जो तयार होता तो माणूस त्या वेळी कुठे होता? त्याच उन्हाळ्यात बाबासाहेब आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवत होते. मतदारसंघ तेव्हा दोन सदस्यांचा होता. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले, आणि राखीव जागेवर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी बाबासाहेबांना हरवलं. भंडाऱ्याच्या त्या पराभवावर आपल्याकडे अजूनही वाद होतात, कोणी कुणाला मतं दिली, कोणी फिरवली वगैरे. पण त्याच वर्षी दिल्लीत त्यांनी मान्य केलेल्या एका तरतुदीच्या गैरहजेरीवर केवढा मोठा निकाल उभा राहिला, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

१९६२ मध्ये तोच धागा पुढे गेला. उत्तर प्रदेशातला खरकसिंग नावाचा माणूस. दरोड्याच्या आरोपातून सुटलेला, तरी पोलीस रात्री-अपरात्री दार ठोठावून घरी आहे का बघत. कोर्टाने रात्रीचं दार ठोठावणं रद्द केलं, पण सोबत सांगितलं की खासगीपणाचा हक्क आपल्या संविधानात नाही. बहुमताच्या बाजूला असलेल्या न्यायाधीशांत एक होते जनार्दन रघुनाथ मुधोळकर. अमरावतीचे, काँग्रेसचे अध्यक्ष राहिलेल्या रघुनाथ नरसिंह मुधोळकरांचे चिरंजीव. सुब्बाराव आणि शहा या दोघांनी वेगळं मत दिलं. पण दोनाचं मत दोनाचंच राहतं.

फोन आता पोस्टाच्या इमारतीतून घराघरांत यायला लागला होता. ज्यांनी ट्रंक कॉलचा काळ पाहिलाय त्यांना आठवत असेल, नागपूरला फोन लावायचा तर एक्स्चेंजला नंबर सांगून ताटकळत बसायचं, आणि बोलताना मध्येच ऑपरेटरचा आवाज यायचा. कोणीतरी ऐकतंय हे तेव्हा गृहीतच असे. माझं मत विचाराल तर आपल्या समाजाने फोन टॅपिंगचा फारसा संताप केला नाही त्यामागे ही सवयही असावी. पोस्टकार्ड पोस्टमन वाचणार, फोन ऑपरेटर ऐकणार. त्यात काय एवढं?

१९७२ ची एक गोष्ट मुंबईची. तिथला कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी डॉ. मलकानी, एका डॉक्टरांकडून लाच मागत असल्याची तक्रार आली. लाचलुचपत खात्याने तक्रारीच्या बाजूच्या डॉक्टरांच्या संमतीने फोनला टेपरेकॉर्डर लावून संभाषण पकडलं. मलकानी म्हणाले, हे टेलिग्राफ कायद्याच्या विरुद्ध आहे, पुरावा बाद करा. सर्वोच्च न्यायालयाने ऐकलं नाही. संरक्षण निरपराध माणसाच्या फोनला आहे, गुन्हेगाराच्या नाही, असा त्या निकालाचा सूर. ऐकायला बरं वाटतं. पण फोन ऐकल्याशिवाय कोण निरपराध हे कळायचं कसं, हा प्रश्न तिथेच लोंबकळत राहिला.

त्याच वर्षी संसदेने कलम ५ नव्याने लिहिलं आणि आज आपण ज्याला ५(२) म्हणतो ते जन्माला आलं. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता ही अट राहिली. त्यात देशाची अखंडता, सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सुव्यवस्था, गुन्ह्याला चिथावणी रोखणं अशी कारणं जोडली. कारण लेखी नोंदवावं लागेल, असंही आलं. अधिस्वीकृती असलेल्या पत्रकारांच्या बातम्यांना थोडी सूट मिळाली. वाचायला आधीच्यापेक्षा सभ्य झालं. फक्त ही कारणं लेखी कोण देणार, ती कोण तपासणार, याचे नियम करायचे राहिले. किती वर्षं राहिले? सत्तावीस.

त्या सत्तावीस वर्षांत काय काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. १९८८ मध्ये कर्नाटकात फोन टॅपिंगवरून रामकृष्ण हेगडेंना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. १९९० मध्ये चंद्रशेखर यांनी आपला फोन टॅप होतोय असा आरोप केला. सीबीआयने चौकशी केली आणि त्या अहवालाची बातमी १९९१ मध्ये ‘मेनस्ट्रीम’ साप्ताहिकात आली. कुठे आदेशच सापडत नव्हते, कुठे मुदत संपल्यावरही ऐकणं चालू होतं. ही बातमी घेऊन पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज, आपण ज्याला पीयूसीएल म्हणतो, ती सर्वोच्च न्यायालयात गेली. निवृत्त न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांनी बाजू मांडली. मागणी साधी होती: फोन ऐकायचा तर आधी न्यायाधीशाची परवानगी घ्या, झडतीचं वॉरंट घेता तशी.

१८ डिसेंबर १९९६ ला निकाल लागला. फोनवरचं खासगी बोलणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे हे कोर्टाने मान्य केलं. ही मोठी गोष्ट. पण न्यायाधीशाची परवानगी? ती नाही. कोर्ट म्हणालं, कायद्यात तशी तरतूद नाही, नियम सरकारने करावेत, तोवर ही तात्पुरती पद्धत घ्या. आदेश गृहसचिवाचा. मुदत दोन महिने, वाढवली तरी एकूण सहा. आणि तपासायला एक आढावा समिती. त्या समितीत कोण? सचिव. म्हणजे एका सचिवाने दिलेला आदेश शेजारच्या दालनातले सचिव तपासणार.

१९९९ मध्ये नियम ४१९-अ आला, २००७ मध्ये तो नव्याने लिहिला गेला. राज्यात मुख्य सचिव, विधी सचिव आणि गृहसचिव सोडून आणखी एक सचिव, अशी तिघांची समिती. दोन महिन्यांतून एकदा बसायचं. तातडी असेल तर पोलीस महानिरीक्षक दर्जाचा अधिकारी स्वतःच आदेश देऊ शकतो, सात कामाच्या दिवसांत गृह खात्याची मान्यता घ्यायची. आणि एक फार महत्त्वाचा उपनियम: टॅपिंगचे कागद दर सहा महिन्यांनी नष्ट करायचे. हेतू चांगला आहे, लोकांची खासगी बोलणी कपाटात पडून राहू नयेत. पण २०१६-१७ मध्ये ऐकलेल्या फोनचा विषय २०२१ मध्ये निघतो तेव्हा याच नियमाचा अर्थ काय होतो ते तुम्हीच बघा.

ही समिती काम कसं करते? याचं उत्तर न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने दिलंय. हे तेच श्रीकृष्ण, ज्यांचा मुंबई दंगलींवरचा अहवाल आपल्याला पाठ आहे. माहिती संरक्षणावरच्या २०१८ च्या त्यांच्या अहवालात नोंद आहे की केंद्राच्या आढावा समितीपुढे प्रत्येक बैठकीला १५,००० ते १८,००० आदेश येतात. २०१३ च्या एका माहिती अधिकार उत्तरातही केंद्राचे महिन्याला साडेसात ते नऊ हजार आदेश निघतात असं आलं होतं. दोन महिन्यांचे मिळून आकडा जुळतो. आता हिशेब करा. तीन सर्वोच्च अधिकारी सकाळी बसले, चहाही न घेता आठ तास हेच काम केलं, तर एका आदेशाला किती वेळ? दोन सेकंदही नाहीत. दोन सेकंदांत नाव वाचून होईल. ते नाव खरं की खोटं, हे कसं कळणार?

हा केंद्राचा आकडा आहे, महाराष्ट्राचा नाही. पण साचा तोच. फाईलवर नंबर, नाव, कारण. मंत्रालयात बसलेल्या माणसासमोर खालून आलेला कागद आहे आणि त्या कागदावर विश्वास ठेवण्यापलीकडे दुसरं साधन नाही. समोरच्या बाजूने बोलायला कुणी नाही, कारण समोरच्या बाजूला माहीतच नाही.

इथे कलम ४ आठवा. त्याची कारकीर्द याच्या अगदी उलट झाली. १९९३ चा हीरो कप, बंगालच्या क्रिकेट संघटनेला सामने परदेशी कंपनीकडून दाखवायचे होते, दूरदर्शन म्हणालं हक्क आमचा. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयात आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिलं की ध्वनिलहरी ही लोकांची मालमत्ता आहे, सरकारची जहागीर नाही, आणि त्यावर स्वतंत्र सार्वजनिक प्राधिकरणाचं नियंत्रण हवं. दोन वर्षांत, १९९७ मध्ये, दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजे ट्राय आलं. २००० मध्ये कंपन्यांच्या भांडणांसाठी वेगळं न्यायाधिकरण आलं. दूरसंचार कायद्याचा अभ्यास ही एक अख्खी कारकीर्द होऊ शकली ती यामुळे. दर, परवाना शुल्क, स्पेक्ट्रम यावर हजारो पानांचे निकाल आहेत, मोठमोठे वकील आहेत, संशोधक आहेत, परिषदा भरतात.

आणि कलम ५ वर? बोटांवर मोजता येतील एवढे निकाल. एकाच कायद्यातली शेजारशेजारची दोन कलमं, मग असं का? मला कारण साधं वाटतं. परवाना नाकारला तर कंपनीला दुसऱ्या दिवशी कळतं. फोन ऐकला तर माणसाला कधीच कळत नाही. ज्याला आपलं नुकसान झालंय हेच ठाऊक नाही तो कोर्टात कसा जाणार? अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने टॅपिंग संपल्यावर साधारण नव्वद दिवसांत त्या माणसाला कळवावं लागतं, न्यायाधीशाने लांबवलं नाही तर. जर्मनीतही नंतर कळवण्याची तरतूद आहे. ज्या ब्रिटनने आपल्याला हे कलम दिलं त्यांनी २०१६ च्या कायद्यात मंत्र्याच्या सहीवर न्यायाधीशाची मान्यता आणली. आपण त्यांच्याकडून तार घेतली, क्रिकेट घेतलं, हे नेमकं घ्यायचं राहून गेलं.

आपल्या राज्यानेही यात भर घातली. १९९९ च्या मकोका कायद्यात फोन ऐकण्याची वेगळी कलमं होती. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये ती रद्द केली, कारण तार आणि टेलिफोन हा विषय संविधानाने केंद्राला दिलाय, राज्याला त्यावर कायदा करता येत नाही. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कलमं परत जिवंत केली. संघटित गुन्हेगारी रोखण्यासाठी हे लागतं, आणि लागतं हे मीही मानतो. नव्वदच्या दशकातली मुंबई ज्यांनी पाहिली त्यांना समजावून सांगायची गरज नाही. ऐकूच नये असं कुणी म्हणत नाहीये. मुद्दा ‘कुणाला विचारून’ हा आहे. २०१२ मध्ये सोलापूरच्या न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या तज्ज्ञगटानेही टॅपिंगचे वेगवेगळे कायदे आणि त्यातला विस्कळीतपणा दाखवून दिला. अहवाल आला, चर्चा झाली, कपाटात गेला.

मग २४ ऑगस्ट २०१७. नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, आणि १९५४ व १९६२ च्या निकालांतला तो भाग चुकीचा होता. मुख्य निकाल न्यायमूर्ती चंद्रचूड यांचा. स्वतंत्र सहमतीचा निकाल लिहिणाऱ्यांत नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते. अमरावतीचे मुधोळकर ज्या बहुमतात होते ते मत पंचावन्न वर्षांनी खोडताना नागपूरकराची सही लागली. काझी करीमुद्दीन यांची १९४८ ची दुरुस्ती आणि तिला बाबासाहेबांनी दिलेला होकार, दोन्हींची दखल त्या निकालात आहे.

आता तारखा शेजारी ठेवा. दिल्लीत हा खटला चालत होता तेव्हा भंडारा-गोंदियाचे खासदार होते नाना पटोले. त्यांनी राजीनामा दिला डिसेंबर २०१७ मध्ये. त्यांचं म्हणणं खरं असेल तर देशाचं सर्वोच्च न्यायालय खासगीपणा हा हक्क आहे की नाही यावर विचार करत होतं त्याच्या आसपासच वैनगंगेकाठच्या खासदाराचा फोन ‘अमजद खान’ नावाने ऐकला जात होता.

२०१७ च्या निकालाचा उपयोग झाला नाही असं नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विनीतकुमार विरुद्ध सीबीआय खटल्यात टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले आणि ती रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितली. प्रकरण बँक अधिकाऱ्याला लाच दिल्याच्या आरोपाचं. कोर्टाने विचारलं, यात सार्वजनिक आणीबाणी कुठे आहे? लोकांची सुरक्षितता कुठे धोक्यात आहे? लाचेचा गुन्हा मोठा आहे, पण कलमात लिहिलेली अट तीच आहे आणि ती पुरी होत नाही. १८८५ पासून शब्द तेच होते. एवढ्या वर्षांनी कुणीतरी खिडकी उघडून पाऊस पडतोय का ते पाहिलं.

पण लक्षात घ्या, विनीतकुमार कोर्टात जाऊ शकले ते त्यांच्यावर खटला भरला गेला म्हणून. आरोपपत्राबरोबर टॅपिंगचे कागद हाती आले. ज्याच्यावर खटलाच होत नाही, ज्याचा फोन नुसता ‘माहितीसाठी’ ऐकला जातो, त्याच्या हाती काहीच येत नाही. आमदार-खासदाराला निदान सभागृह आहे, उभं राहून बोलता येतं. लाखांदूरच्या शिक्षकाला, तुमसरच्या कामगार पुढाऱ्याला, पवनीत गोसीखुर्दच्या पुनर्वसनासाठी भांडणाऱ्या माणसाला कुठलं सभागृह?

डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने नवा दूरसंचार कायदा केला. विरोधी बाकांवरचे बरेच खासदार तेव्हा निलंबित होते, चर्चा फारशी झाली नाही. १८८५ च्या कायद्याची जागा आता तो घेतो आहे. ५(२) निवृत्त झालं आणि त्याच्या खुर्चीवर कलम २०(२) बसलं. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता, अट तीच. ६ डिसेंबर २०२४ ला टॅपिंगचे नवे नियम निघाले. आदेश गृहसचिवाचा. आढावा समिती केंद्रात कॅबिनेट सचिवांची, राज्यात मुख्य सचिवांची. न्यायाधीश कुठेच नाही. ज्याचा फोन ऐकला त्याला नंतर कधी कळवायचं, याबद्दल त्या नियमांत एक ओळही नाही.